केसांच्या चौकशीसाठी मामाने हजर व्हावे

चिरंजीव झिपऱ्यास,

ताईचे आशीर्वाद, तुझ्या बायकोला थोडे जास्त. (तुझ्याशी लग्न केलंय, तिला लागतील.) इकडे सगळे ठणठणीत. माझे गुडघे दुखतात, पण तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगून टाकते.

तुझ्या भाच्याच्या शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्यात. आल्या आल्या त्यांनी गणवेशाची नियमावली काढली. बूट काळे, मोजे पांढरे, नखं कापलेली, इथवर माझी तक्रार नाही. पण पुढे म्हटलंय, केस डोक्यालगत बसलेले असावेत आणि मुद्दाम कुरळे केलेले चालणार नाहीत. आता आपल्या घराण्याचे केस कधी कुणाचं ऐकून बसलेत का? मी रोज सकाळी पोराचं डोकं पाण्याने थापते, वर तेल चोपडते, त्यावर घट्ट रुमाल बांधते. फाटकापर्यंत पोरगं अगदी सभ्य दिसतं. प्रार्थनेला एकेक बट उठू लागते आणि दुसऱ्या तासाला मागच्या मुलाला फळा दिसत नाही. (तो मुलगा खूश आहे, तक्रार बाईंचीच.)

शेवटी मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं, असे केस जन्मतः नसतात, पार्लरमध्ये होतात. मी म्हटलं, बाई, मला स्वतःच्या भुवया करायला सवड मिळत नाही. तर म्हणाल्या, मग घरातलं तशाच केसांचं कुणी आणून दाखवा. झाली का पंचाईत! माझे केस आईवर गेलेले, सुतळीसारखे सरळ. बाबा असते तर त्यांनाच उभं केलं असतं. ह्यांच्या घरात तर पुराव्यालाही केस नाहीत. सासरे, दीर आणि हे, तिघांना ओळीने बसवलं तर बाई खिडकीचा पडदा ओढून घेतील.

हसू नकोस. पोराला त्यांनी बँडमधून काढलंय. संमेलनात सगळ्यात पुढे ड्रम वाजवायचा होता त्याला, वर्षभर माझे डबे बडवून शिकलाय. आता डबे गप्प आहेत आणि मला ते सहन होत नाही. बाईंनी त्याला माझ्यासमोर सांगितलं, केस सरळ करून ये, लगेच परत घेते. तर म्हणाला, "हे मामाचे केस आहेत. त्याला विचारावं लागेल." मी बाहेर येऊन डोळे पुसले आणि घरी गेल्यावर त्याला एक धपाटा घातला, मोठ्यांना उलट बोलल्याबद्दल.

तुझी,
ताई

ता. क. तेव्हा गुरुवारी शाळेत ये. काही बोलू नकोस (तू बोललास की माझी बाजू पडते), नुसतं डोकं दाखव.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात तुम्हा दोघांचा फोटो आला. मेल्या, हे काय? भांग? तुझ्या डोक्यावर? मला वाटलं तिचा भाऊच उभा आहे. फोटोच्या मागे तिने कौतुकाने लिहिलंय की रोज सकाळी गरम चिमटा फिरवून तीच तुझे केस सरळ करते. फोटो मी पोराला दाखवलेला नाही. तिला सांग, गुरुवारी इस्त्री फक्त शर्टाला.