क्लिक केल्यावर कुठं जातंय

२७ ऑगस्ट
क्लासवाल्या सरांचा पेपर आला आमच्या टायपिंगच्या दुकानात. टेस्टचा न्हाई, परदेशी मासिकात छापायचा. माती-दगडाची घरं भूकंपात कशी हलतात त्याची समीकरणं. मजकुरात "समी. (७)" आलं की त्यावर क्लिक करायचं, थेट सातव्यावर जायला पाहिजे. आधी म्हणले नुसता आकडा. आज म्हणले कंसासकट. उद्या रंग बदलतील.
शोभामावशी म्हणली, "गप कर गं. दुकान माझं हाय, पण तुझी दहावी त्यांच्या हातात हाय."
हाव. सतरा नंबरचा फॉर्म, बाहेरून दहावी. गणिताला सर त्यांच्या बॅचला बसू देणार. त्यापायी कंस काय, कायबी.

३० ऑगस्ट
सगळ्या लिंक लागल्या. एका जागी सारखं ?? येतंय, म्हंजे लिंकला जायला जागाच न्हाई. माळवदाचा, घरावरच्या मातीचा, थर किती जाड चालंल, ते म्हणे समी. (३.१२) वरून सिद्ध झालंय. आख्ख्या पेपरात ३.१२ न्हाई. इथं साधे १, २, ३ आकडे. कुणाच्या तरी प्रबंधातून उचललंय, आकड्यासकट. दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात वाढल्यावानी.

३१ ऑगस्ट
सर दुकानात आले तवा विचारायला गेले. बोटानं ?? दाखवलं.
"अगं, कुठल्याबी समीकरणाला जोड की. कोण बघतंय?"
मावशी हसली. मीबी हसले. थू.
घरी आईला विचारलं, गावाकडं आपलं माळवद किती जाड होतं.
"हातभर आसंल. दरसाली वर माती टाकायचे. का गं?"
काय न्हाई म्हणलं. भूकंपात ताई त्याच्याखालीच गेली. मी तवा पाळण्यात. आई भाकरी थापायची थांबली न्हाई.

१ सप्टें.
जोडलं. (४) ला. तिथं नुसतं वजन बरोबर वस्तुमान गुणिले जी. नववीतलं.
सरांनी माऊस स्वतः घेतला. क्लिक. पान सरकलं.
"वा, उडी मारतंय की."
परत क्लिक. परत. लहान लेकरासारखं. कुठं जाऊन पडलं ते एकदाबी वाचलं न्हाई. त्यांच्या हाताच्या घामानं माऊस ओला झालेला, मला हात लावू वाटंना. फडक्यानं पुसला.
जाताना म्हणले, "सोमवारी बॅचला ये. पुढं बस, लाजू नको." बाबाला फोन करून बी सांगितलं. बाबा लई खूश.

२ सप्टें., रवि.
फॉर्मवर बाबाची सही झाली. आईनं वही आणली, कव्हर घालून ठेवली.
मावशी रेणापूरला लग्नाला. पेपर आज माझ्याच हातानं धाडायचा. लिंक काढली. ?? आलं. परत जोडली, पळतंय झकास, (४) वर. परत काढली.
डबा खाऊन घेते आधी. स्क्रीनवर आत्ता ?? हाय.