चीक आटेपर्यंत

माय, तुझ्या कुंपणातला निवडुंगाचा एक तुकडा माझ्या खिडकीत आडवा पडला आहे. तू गेल्यावर इतकी वर्षं रिकामं पडलेलं घर भावानं पाडायला काढलं, कुंपण उपटून टाकलं, तेव्हा त्यातलं कोवळं टोक मी कापून आणलं. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "काऊन नेऊन राह्यल्या बाई हे काटे घरी?" मी म्हटलं, "माझ्या मायचे आहेत." ती बिचारी जरा सरकूनच बसली.

लग्नानंतर आम्ही गडचांदूरला भाड्याच्या खोलीत आलो. हे खाणीवर गाडी चालवायचे. मी हौसेनं गुलाब, मोगरा लावला. चुनखडीची धूळ पानांवर बसायची आणि वैशाखात पाण्याचे हाल सुरू झाले की सगळं करपायचं. तू चिमूरकडून आलीस, अंगण पाहून गेलीस. पुढच्या खेपेला जुन्या लुगड्यात बांधून तिधारी निवडुंग, कोरफड आणि पानफुटीची पानं आणलीस. शेजारीण हसली, "मावशी, वांग्याचे रोपं आणाचे होते. याची का भाजी करन तुमची पोरगी?" तू म्हणालीस, "वांगं दोन दिवसात मान टाकते, बाई. हे मारून दाखवा म्हणा तिले!" आणि मी मारून दाखवलं. त्याच संध्याकाळी ताजा चीक गळणारा तुकडा मातीत खोचला आणि रोज दोन वेळा तांब्याभर पाणी घातलं. तो बुडापासून सडला. तू आधी पोटभर हसलीस, मग रागावलीस. "कापल्याबरोबर कोणी मातीत घालते का? सावलीत पडू दे. चीक आटू दे, चीर वाळू दे. मंग माती, मंग पाणी. तहान त्याले नाई लागली, तुलेच लागली."

मग तो उन्हाळा आला. हे गेले. तेरवीचं जेवण आटोपलं आणि माणसं बाहेर बसली आहेत. मी आत चुलीपाशी आहे. दीर म्हणतात, "वहिनीले आमी घेऊन जातो. खोली आजच खाली करू." माझा भाऊ म्हणतो, "नाई, थे आमच्या घरी येईन." दोघंही मायेनंच बोलत आहेत. मला कुणी विचारत नाही. विचारलं असतं तरी जो आधी उठला असता त्याच्या मागे मी निघाले असते, इतकं मला तेव्हा कशाचंच काही नव्हतं. तू अंगणात भांडी घासत होतीस. राखेच्या हातांनी उठलीस. "भाऊ, रागावू नोका. पोरगी आता ओली आहे. आज जिथी लावान तिथी सडन. राहू द्या तिले इथीच. मी थांबतो तिच्यापाशी."

"किती दिवस?" दिरांनी विचारलं.

"थे मले का मालूम? चीर वाळली का तीच सांगन."

तू थांबलीस. ऊठ म्हणाली नाहीस, रडू नको म्हणाली नाहीस. ताटात वाढायचीस, उष्टं ताट उचलून न्यायचीस. गावाकडे धानाची रोवणी लागली, भावाचे निरोप आले, तरी हलली नाहीस. एका सकाळी मी आपणहून अंगण झाडलं आणि म्हटलं, "माय, मी इथीच राहातो." तू एवढंच म्हणालीस, "मंग आता पाणी दे." आणि पिशवी भरायला घेतलीस.

मी राहिले. खाणीवरच्या पोरांना डबे करून दिले. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत पुस्तकांपर्यंत पोचले. भिंतीच्या कडेनं आता सगळं तुझंच आहे. उन्हाळ्यात मी आठ-आठ दिवस तिकडे बघत नाही, तरी ते हिरवं असतं. बायका तुकडे मागायला येतात, मी कापून देते आणि तुझंच बोलणं बजावून सांगते. तू होतीस तेव्हा हे लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं. भावानं भर अंगणात मोठ्यानं वाचून दाखवलं असतं आणि मी लाजले असते. आता त्यानं वाचून दाखवायला तू नाहीस, म्हणून लिहिता आलं.

खिडकीतल्या तुकड्याचं मात्र तुला सांगते. त्याची चीर कधीच वाळली आहे. खाली मुळाचा पांढरा ठिपकाही आला आहे. कुंडी भरून तयार आहे. रोज सकाळी मी चिरेवर अंगठा फिरवते आणि म्हणते, ओली आहे अजून.