पुढच्या चाकाचा बोल्ट

अहो,

“च्यायला, हा बोल्ट माझं ऐकतच नाही,” असं काल गाडीखाली पुटपुटलात. मी पान्हे द्यायला शेजारीच आडवी होते, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

ओवी गाडी न घेता गेली म्हणून तिच्यावर रागावू नका. तिला रेगेन्सबर्गच्या ट्रेनमध्ये बसवायला जातेय. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, शोधू नका.

गंज खरवडून, रंग देऊन तुम्ही त्या जुन्या जपानी डबड्याची नवरी केलीत. पोरीच्या हट्टापायी नव्या स्प्रिंगा घालून गाडी दोन बोटं खालीही बसवलीत. सगळं कबूल. पण बोल्ट पक्का आवळला की त्यावर माझ्या नेलपॉलिशची लाल रेघ ओढायची, ही आपली रीत. आज सकाळी बघते तर पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेकवरची रेघ वेडीवाकडी, आणि बोल्ट माझ्या नुसत्या बोटांनी फिरला. याच गाडीने पोर ऑटोबानवर, ताशी दीडशेच्या वेगाने जाणार होती.

ओवी मागेच उभी होती. “बाबांना कोण सांगणार?” तिने जर्मनमध्ये विचारलं. मी म्हटलं, आधी बॅग उचल.

पोहे झाकून ठेवलेत. मी परत आल्यावर तो बोल्ट आवळीन, तुम्ही स्टुलावर बसून माझ्या चुका काढा. त्यात तुमचा हात कोण धरणार!

उद्या डॉक्टरांकडे जायचंय, वेळ घेतली आहे. अहो, तुमचा उजवा हात थरथरतो. गॅरेजमधल्या थंडीने नाही. घरात, हीटरशेजारी बसलात तरी थरथरतो.

अरुंधती