तेजाबातलं तपकिरी सोनं

बाबा, तुमची पणती तुमचंच काम करते. चार दिवसांपूर्वी ती सुट्टीला घरी आली तेव्हा मला हे कळलं, आणि तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत ती सोन्याचांदीचं मिश्रण तेजाबात टाकते, चांदी विरघळवते आणि उरलेलं सोनं बाहेर काढते. याच कामासाठी तिला आता परदेशातून बोलावणं आलं आहे. घरात सगळे खूश आहेत. ती मात्र माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही हो म्हटलंत तरच जाईन." पोरगी शब्दाची पक्की आहे. मी नको म्हटलं तर खरंच जाणार नाही. म्हणून तर भीती वाटते. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाच्या तोंडी एवढा मोठा निर्णय कशाला द्यायचा?

तुमची जागा अजून तशीच आहे, मागच्या अंगणात, विहिरीच्या पश्चिमेचा तो सपाट दगड. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की तुम्ही वाऱ्याकडे पाठ करून त्यावर बसायचात. समोर शेगडी, तिच्यावर चिनी मातीचं भांडं, तोंडाला ओला पंचा. पंचा दिसला की आई दोरीवरचे कपडे भराभर काढायची. "आलं तुमचं तांबडं भूत!" तो तांबूस धूर तुमच्यापासून लांब, पूर्वेकडे जायचा आणि तिकडच्या केळीची पानं करपायची. तिला कधी घड धरला नाही. "तुमचं सोनं चोख होतं आणि माझी केळ मरते," असं आई म्हणायची, आणि तुम्ही पंच्याआड हसायचात.

हिणकस सोनं चोख करायचं तर आधी त्यात तिप्पट चांदी घालायची, हे मला तेव्हा पटायचं नाही. कापड धुवायचं म्हणून आधी चिखलात बुडवण्यासारखं वाटायचं. तुम्ही म्हणायचात, "चांदी कमी पडली तर तेजाब आत शिरत नाही. वाट तीच करून देते." घोलवडच्या एका चिकूवाडीवालीने भांड्यातले तपकिरी तुकडे पाहून कपाळाला हात लावला होता. "अरे काका, आ तो बळी गयुं!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "जळलं नाही बेन. चांदी उठून गेली, तिच्या जागा रिकाम्या राहिल्या." तेवढ्यात मी चिमट्याने एक तुकडा दाबला आणि त्याचा भुगा झाला. तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. "सोनं म्हणून टणक असेल असं वाटलं? आत्ता ते आजाऱ्यासारखं आहे. भट्टीतून येईपर्यंत जपायचं."

तुमच्या पणतीने परवा फोनवर त्याच रिकाम्या जागांचा फोटो दाखवला. डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक भोकं, सगळं सोनं जाळीदार. "आम्ही ते भट्टीत घालत नाही, आजोबा. वितळलं की भोकं बुजतात. आम्हाला भोकंच हवीत." कोळशाच्या धुरातला जीवघेणा वायू त्या भोकांतून गेला की निरुपद्रवी होतो म्हणे. मला सगळं समजलं नाही. धूर हा शब्द तेवढा ऐकू आला.

कारण मला ती सकाळ आठवते. थंडीचे दिवस आहेत, लग्नसराई आहे. तलासरीचं गिऱ्हाईक ओट्यावर बसलं आहे, त्याला संध्याकाळच्या एसटीआधी मुलीच्या मंगळसूत्राच्या वाट्या हव्यात. म्हणून तुम्ही कधी नव्हे ते सकाळी भांडं मांडता. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, हे आपल्या डहाणूत पोरासोरांना ठाऊक. पण पाय सवयीने त्याच दगडाकडे वळतात. चांदी सुटू लागते आणि तांबडा लोट सरळ तुमच्या तोंडावर येतो. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडते, "अहो उठा! वारा बघा आधी, सोनं कुठे पळून जात नाही!" तुम्ही हातानेच "आलो" म्हणता आणि भांडं उतरवूनच उठता. वाट्या वेळेवर गेल्या. रात्री तुम्हाला धाप लागली, आणि जो खोकला बसला तो गेलाच नाही. पुढची लग्नसराई तुम्ही पाहिली नाहीत.

काल मी तिला विचारलं, "तू वारा बघून बसतेस ना?"

"वारा कसला, आजोबा? काचेचं कपाट असतं. धूर वर ओढला जातो."

"आणि लाईट गेली तर?"

"ते डहाणू नाही हो!" ती हसली. मग माझा चेहरा पाहून थांबली. "पणजोबा त्यानेच गेले ना?"

मी मान हलवली.

"म्हणून तर तुम्हाला विचारलं," ती म्हणाली.

आज सकाळी तिचा प्रयोगशाळेतला पांढरा कोट धुण्याच्या बादलीत पडला होता, अजून कोरडा. आसपास कुणी नाही असं बघून मी तो उचलला आणि बाह्या, कॉलर, खिसे सगळं हुंगलं. घामाचा वास होता, थोडा पावडरीचा. तेजाबाचा कुठेच नव्हता. मी बाहेर आलो आणि तिला जा म्हणालो. ती पाया पडली तेव्हा एवढंच सांगितलं, "कपाट ओढतंय की नाही ते रोज आधी बघायचं. सवयीवर जायचं नाही."

हा कागद तुमच्या दगडाखाली ठेवावा असं मनात होतं, पण तिथे वाळवी आहे. माझ्या पेटीतच राहू दे. मी मोठ्या मनाने परवानगी दिली असं घरात सगळ्यांना वाटतं. कोट नाकाशी धरला तेव्हा वास येऊ नये म्हणून मी देवाचं नाव घेत होतो. तरी, बाबा, तो आला नाही तेव्हा क्षणभर मला वाईट वाटलं. तुमच्या पंच्याला तोच वास यायचा.