पंख्याखालच्या खुर्चीची निरवानिरव

मी, एकनाथ रघुनाथ वैरागकर, वय वर्षे सत्तेचाळीस, धंदा गिरणीत हेडक्लार्की, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, परंतु घामाच्या धारेत बसून लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. वारा मात्र ठिकाणावर नाही, आणि मरणाकडे वळण्यापूर्वी त्याची दाद लागावी अशी माझी इच्छा आहे.

आमच्या कचेरीत छताला झालरीचा लांबलचक पंखा टांगलेला आहे. बाहेर व्हरांड्यात बसून शरणप्पा त्याची दोरी ओढतो. पंखा दोन टेबलांसाठी आहे, एक माझे आणि दुसरे खजिनदार श्री. दिगंबर नरहर करकंबकर यांचे. ज्या कोणी छतात त्याचा आकडा ठोकला त्याने तो वीतभर त्यांच्या बाजूला ठोकला. त्यामुळे वारा दिगंबरपंतांना मिळतो आणि मला पंख्याची कुरकुर मिळते. वैशाखात त्यांचे कागद उडतात आणि माझे माझ्याच कोपराला चिकटतात. आकडा सरकवण्याविषयी मी अर्ज केले. पहिल्यावर साहेबांनी "विचार करू" असे लिहिले, दुसऱ्यावर "पाहू" असे लिहिले, आणि तिसरा दिगंबरपंतांच्या टेबलावरून वाऱ्याने उडून गेला. ही तक्रार मी माझ्या वारसांस देत आहे. त्यांनी ती चालू ठेवावी.

कलम पहिले. मरण कोणाच्या हातून येणार आहे ते सांगतो, म्हणजे पुढे पोलिसांना त्रास नको. ते वर सांगितलेल्या दिगंबरपंतांच्या हातून येणार आहे. कारण असे की, दुसऱ्या कुठल्या गावच्या गिरणीत कोणी एका कारकुनाला मागावरचा धोटा फेकून मारला. ते ऐकून आमच्या विलायती साहेबांनी एक हुकूम काढला, की दंगा होण्यापूर्वी माणसाची लक्षणे ओळखावीत आणि आगाऊ व्यवस्था करावी. त्याचे मराठी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले : "असा इसम एकाएकी गप्प होतो. एकाच माणसाकडे टक लावून पाहतो. जुनी कुरबूर उगाळतो. धारेची वस्तू हाताशी ठेवतो. आपल्या चीजवस्तू लोकांस वाटू लागतो." शाई वाळते न वाळते तोच मी मान वर केली, आणि समोर दिगंबरपंत टक लावून माझ्या जेवणाच्या डब्याकडे पाहत होते.

मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. हा गृहस्थ संक्रांतीपासून माझ्याशी धड बोललेला नाही. तोंड उघडतो, मिटतो, आणि पुन्हा नोटा मोजू लागतो. सुपारीसाठी त्याने नवा अडकित्ता आणला आहे, त्याने रेडाही कातरता येईल. आणि डब्याकडे पाहणे रोजचेच. मी घरी सौ. मालतीस म्हटले, "बहुधा विष घालणार."

"अहो, तुम्हाला कोण मारतंय?" ती म्हणाली. "तुमच्या कचेरीत पगार वेळेवर निघत नाही, खून कुठला निघायला!"

कलम दुसरे. राहते घर मी सौ. मालतीस देतो. पश्चिमेकडची भिंत शेजाऱ्यांची की आपली हा वाद घराबरोबर तिच्याकडेच जाईल. ती तो माझ्याहून चांगला चालवील.

कलम तिसरे. पोस्टातली शिल्लक, दोन पलंग, तांब्यापितळेची भांडी, त्यांत पितळी वाट्या सहा (पैकी एकीच्या बुडाशी कमळ कोरलेले आहे, ती आमच्या बाकीच्या वाट्यांशी जुळत नाही), हेही सौ. मालतीस.

कलम चौथे. कचेरीतील प्रत्येकास काही ना काही देतो, म्हणजे तेराव्याला गर्दी होईल. शरणप्पास माझा पाण्याचा तांब्या. मिस्त्री संगप्पा यास माझे पायमोजे. तो अनवाणी चालतो, पण त्यांचे काय करायचे ते तो शोधून काढील. सर्व कारकुनांस एकेक टाक, आणि माझे हस्ताक्षर ज्याला झेपेल त्याला. गेटावरचे जमादार मानसिंग यांस माझी छत्री. ही छत्री मेल्यावर द्यायची होती, परंतु त्यांनी ती आताच नेली. म्हणाले, "रावसाब, पावसाळा तोंडावर आलाय. मागनं देन्यापरीस आताच द्या की. तुमास्नी तरी काय गरज लागनार हाय?"

या मानसिंगरावांवरच माझ्या रक्षणाची जबाबदारी आहे. मी त्यांना विचारले, मारेकरी अंगावर आला तर आपण काय कराल?

"तुमी हाळी द्या, म्या आलोच म्हनून समजा."

"गेट कुठे, कचेरी कुठे! तुम्ही येईपर्यंत तो मला मारून मोकळा होईल."

"मंग जरा आदीच हाळी द्या की."

कलम पाचवे. आगाऊ व्यवस्थेविषयी. साहेबांच्या हुकुमाप्रमाणे कचेरीची सभा भरली आणि धोक्याची खूण कोणती असावी यावर खल झाला. घंटा ठेवावी तर मारेकऱ्याला ऐकू जाणार. ओरडावे तर आमच्यात आधी कोणी ओरडायचे यावर ज्येष्ठतेचा वाद. शेवटी असे ठरले की, व्हरांड्यातून शरणप्पाला सारी कचेरी दिसते, तेव्हा त्याला धोका दिसताच त्याने पंखा थांबवावा. पंखा थांबला की सर्वांनी मुकाट्याने उठून मागच्या सुताच्या गोदामात जावे आणि आतून कडी घालावी. सूचना एकमताने मंजूर झाली. शरणप्पा रोज दुपारी झोपतो, हे सभेत प्रत्येकाला ठाऊक होते. पण ते विषयपत्रिकेत नव्हते.

त्या दिवसापासून कचेरी रोज दुपारी गोदामाकडे पळते. शरणप्पाला जाब विचारला तर म्हणतो, "झोपत न्हाई रावसाब. डोळं मिटून वारा देतो की." दोरी तो पायाच्या अंगठ्याला बांधून घेतो. अंगठा जागा असेपर्यंत वारा असतो.

याहून मोठी मौज पहिल्या दिवशी झाली. आम्ही सर्व गोदामाशी पोचलो तर कुलूप. किल्ली खजिनदारांकडे. म्हणजे ज्याच्यापासून पळायचे त्याच्याकडेच. मी पाहतो तो दिगंबरपंत आमच्यातच, धापा टाकत, फेटा सावरत. "थांबा, थांबा, किल्ली माझ्यापाशी आहे," असे म्हणून त्यांनी दार उघडले, सर्वांना आत घेतले आणि कडी घातली. सुताच्या गठ्ठ्यांमध्ये आम्ही दोघे समोरासमोर बसलो. मी त्यांच्याकडे पाहत होतो, ते माझ्याकडे पाहत होते. हा मनुष्य कोणापासून पळून आला, हे मला अजून कळलेले नाही.

कलम सहावे. दिगंबरपंतांस मी माझी खुर्ची देणार होतो, की त्यांनी एक वैशाख तरी तीवर बसून काढावा. परंतु रामहरी वकिलांनी ते कलम खोडावयास लावले. त्यांचा सल्ला असा की, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, मागाहून लोक फाटे फोडतात. एक साक्ष वकिलांची स्वतःची चालेल. त्यांना मी काही ठेवलेले नाही, ते आधीच घेऊन गेले आहेत. दुसरी साक्ष मला ओळखणाऱ्या कोणा भल्या माणसाची हवी. आणि कलम चौथ्याप्रमाणे मी कचेरीत सर्वांना काहीतरी देऊन बसलो होतो. ज्याला काहीच दिले नव्हते असा एकच उरला.

"त्यांना कसं विचारू? ते तर मला मारणार आहेत!"

"मग उत्तमच," वकील म्हणाले. "साक्षीदार तुमच्यामागे जिवंत असला पाहिजे. त्याबाबत त्यांची खात्री दिसते."

कलम सातवे. येथपर्यंतचा मजकूर शुक्रवारी लिहिला. यापुढील रविवारचा आहे. मधला शनिवार खालीलप्रमाणे.

सकाळी खुर्चीत बसलो आणि माझ्या कपाळाला गार लागले. वर पाहिले. पंख्याचा आकडा वीतभर माझ्या बाजूला सरकलेला. इतकी वर्षे अर्ज करून जे झाले नाही ते आपोआप झाले. मानसिंगरावांकडून कळले की दिगंबरपंतांनी मिस्त्री संगप्पाला गाठून सांगितले, "काय वाटेल ते कर, पण वारा आजच्या आज त्यांच्याकडे घाल." कालपर्यंत माझ्या डब्याकडे टक लावणारा मनुष्य आज मला वारा देतो! यज्ञातल्या बोकडालाही आधी अंघोळ घालतात. मी ठरवले, सही आजच झाली पाहिजे.

दुपारी हे मृत्युपत्र घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो. कचेरीतल्या सगळ्या टाकांची कुरकुर थांबली.

"दिगंबरपंत, एक साक्ष हवी होती."

खण उघडून त्यांनीही एक कागद काढला. "एकनाथराव, मलाही हवी होती. वकील म्हणाले, ज्याला काही ठेवलेलं नाही असाच माणूस पाहा."

"रामहरी वकील?"

"तेच."

आम्ही एकमेकांचे कागद घेतले. त्यांच्यातले पहिलेच कलम असे : मरण श्री. एकनाथ रघुनाथ वैरागकर यांच्या हातून येणार आहे. कारण सदर इसम एकाएकी गप्प झाला आहे, माझ्याकडे टक लावून पाहतो, पंख्याची जुनी कुरबूर उगाळतो, पेन्सिलीचा चाकू उजव्या हाताशी ठेवतो, आणि त्याने आपली छत्री जमादारास देऊन टाकली आहे. भाषा मला ओळखीची वाटली. माझीच होती.

"म्हणजे वारा तुम्ही..."

"म्हटलं, तुमच्या रागाचं मूळच काढून टाकावं," ते म्हणाले. "साहेबांच्या हुकुमात आगाऊ व्यवस्था म्हटलंय ना?"

इतक्यात पंखा थांबला. सारी कचेरी उठून गोदामाकडे पळाली. आम्ही दोघेच उरलो, हातात टाक धरून. आधी दुसऱ्याकडे पाठ करायची दोघांचीही तयारी नव्हती.

शरणप्पा झोपला होता, म्हणून पंखा थांबला. झोपेत त्याने कूस बदलली, अंगठ्याला हिसडा बसला, आणि संगप्पाने घाईने ठोकलेला आकडा चुन्याच्या ढेपेसकट निघाला. पंख्याचा लांब लाकडी दांडा माझ्या खुर्चीवर आला. खुर्चीचे चारही पाय चार दिशांना गेले. शाई छतापर्यंत उडाली. मी त्या खुर्चीत नव्हतो, कारण माझ्या मारेकऱ्याकडे सही मागायला गेलो होतो.

बराच वेळ नुसती धूळ खाली येत होती. बाहेरून शरणप्पा म्हणाला, "झोपलो न्हाई रावसाब!"

दिगंबरपंतांनी तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. "एकनाथराव, एक विचारू? रागावणार नाही ना?"

मी टेबलाची कड घट्ट धरली. "विचारा."

"आमची वाटी," ते म्हणाले. "संक्रांतीला तिळाची वडी घालून पाठवली होती. बुडाशी कमळ आहे. कुटुंबाच्या माहेरची, अक्कलकोटची, पाचांच्या जोडातली. घरी रोज विचारणा होते, आणि वाटीसारखी वाटी, तुमच्याकडे मागायची कशी? म्हटलं, कधीतरी तुमच्या डब्यातून येईल."

मी त्यांच्या कागदावर साक्ष घातली, त्यांनी माझ्या. कागदांवर चुन्याची धूळ होती आणि टाक घसरत होते, तेव्हा सह्या खऱ्या की खोट्या हे पुढे ठरवणे कठीण जाईल. संगप्पा येऊन वर पाहून गेला. म्हणाला, "म्या लावला तवा ब्येस हुता की." साहेबांनी नवा हुकूम काढला, की आगाऊ व्यवस्था पूर्ण यशस्वी झाली, एकाही कारकुनास इजा नाही. त्याचे मराठी मी सोमवारी करीन. खुर्ची मिळाल्यावर.

कलम आठवे व शेवटचे. मी तूर्त मरत नाही असे दिसते. तरी हे मृत्युपत्र कायम ठेवतो. लिहिण्याचे श्रम झाले आहेत, आणि छत्री परत मिळणार नाही.

वाटीविषयी खुलासा. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत पाठवायचे नाही अशी आमच्या घरची रीत आहे. त्यामुळे भरून पाठवण्याजोगे काही होईल तेव्हा पाठवू असे चालले होते, आणि भरून पाठवण्याजोगे जे जे झाले ते आम्हीच खाल्ले. आज अक्षय्य तृतीया. सौ. मालतीने वर्षाचा पहिला आमरस काढला. मी ताटावर बसण्यापूर्वी ती वाटी काठोकाठ भरली, वर रुमाल घातला, आणि उन्हातून दिगंबरपंतांच्या घरी गेलो. दार लोटलेले होते, आत जेवणे चालली होती. हाक न मारता वाटी ओसरीवर कोनाड्यात ठेवून परत आलो.

ही देणगी नव्हे, परतफेड आहे. सबब त्यांच्या साक्षीस बाध येत नाही.

कलम तिसऱ्यात पितळी वाट्या सहा असे लिहिले आहे, ते पाच असे वाचावे.

ठिकाण : सोलापूर
मिती वैशाख शुद्ध ३, शके १८५१, रविवार, तारीख १२ मे १९२९

एकनाथ रघुनाथ वैरागकर
(सही, दस्तुर खुद्द)

साक्षीदार :
१. दिगंबर नरहर करकंबकर, खजिनदार
२. रामहरी बाबूराव अनगरकर, वकील