बर्फ कारखान्याच्या मालकाचा रकाना

प्रति,
मा. अधीक्षक,
लघुउद्योग परवाने व तपासणी कक्ष (शाखा ३),
नाशिक.

विषय: द्वारका येथील बर्फ कारखान्याचे सील काढणेबाबत, आणि मालकाच्या रकान्यात अर्जदाराने अखेर नाव भरून दिल्याबाबत.

संदर्भ: आपली नोटीस, दि. १० मे २००४.

महोदय,

१. अर्जदार रौफ इस्माईल बागवान, वय ५२, हा सदर कारखान्याचा मुतवल्ली, म्हणजे देखभाल करणारा पगारी माणूस आहे. कारखाना त्याचे सासरे मरहूम हाजी दगडूमियाँ बागवान यांनी स्वतःच्या कष्टाने उभारला आणि सन १९९१ मध्ये वक्फ केला. वक्फ म्हणजे काय, असे आपल्या कक्षाने तीन वेळा लेखी विचारले असल्याने चौथ्यांदा सांगण्यात येते की, वस्तू एकदा वक्फ केली की ती देणाऱ्याची राहत नाही, त्याच्या मुलाबाळांची राहत नाही, सांभाळणाऱ्याची तर कधीच नसते. ती अल्लाहची होते. धंदा मात्र पूर्वीसारखाच चालतो. रसवंतीवाले, मासळीवाले, लग्नाचे आचारी रोख पैसे मोजून बर्फ नेतात आणि त्यातून कामगार, वीज व दुरुस्ती भागवून उरलेले हाजीसाहेबांच्या अटीप्रमाणे खर्ची पडते.

२. अट एकच होती. ज्या घरात मयत झाली असेल त्या घराला बर्फाची लादी फुकट द्यायची. नाव विचारायचे नाही, जात विचारायची नाही, वहीत टिपायचे नाही. लादी बारदानात गुंडाळून द्यायची आणि घरचे सगळे उरकले की त्या लोकांनी बारदान धुऊन, वाळवून आणून द्यायचे. तेरा वर्षांत एकही बारदान बुडाले नाही. एवढा चोख व्यवहार आपल्या कक्षाच्या आवक-जावक विभागातही अर्जदाराच्या पाहण्यात नाही, याबद्दल क्षमस्व.

३. हाजीसाहेब मराठी चौथी शिकलेले व भोळे होते. परवान्याच्या फॉर्मवर "मालकाचे नाव" असा रकाना होता, तिथे त्यांनी खरे तेच लिहिले: "अल्लाह". त्या वेळच्या साहेबांनी हसून शिक्का मारला. बारा वर्षे नूतनीकरण होत राहिले. गेल्या वर्षी मात्र आपल्या कक्षाने मालकाची समक्ष सही व अलीकडची दोन छायाचित्रे मागवली. छायाचित्रांबाबत अर्जदाराने त्याच वेळी तोंडी असमर्थता व्यक्त केली होती. त्यानंतर तीन सुनावण्या झाल्या. तिन्ही वेळा शिपायाने बाहेर येऊन पुकारा केला, तिन्ही वेळा अर्जदार एकटाच उठून उभा राहिला, आणि "मालक वारंवार गैरहजर" असा शेरा मारून दि. १२ एप्रिल रोजी कारखान्याच्या दाराला कुलूप व लाखेची मोहोर लावण्यात आली.

४. आपल्या कक्षातील एका लिपिकाने त्या दिवशी अर्जदारास आपुलकीने सांगितले, "चाचा, तुमचं नाव टाका ना अन् मोकळे व्हा. कोण बघायला येतंय?" याचे उत्तर अर्जदाराकडे होते, पण ते कार्यालयीन वेळेत देण्यासारखे नव्हते. दुसऱ्याची वस्तू आपल्या नावावर लिहून घेणे याला त्याच्या घरी चोरी म्हणतात. म्हणून तो नाही म्हणाला.

५. दि. ३ मे रोजी दिंडोरी रस्त्यावरील भाजीचे मळेकरी पुंजा हे वारले. त्यांचा मुलगा मोतीराम ट्रक घेऊन आसामात होता व त्याला यायला दोन दिवस लागणार होते. ऊन बेचाळीसचे. पुंजा यांच्या पत्नी लंकाबाई टेंपो करून कारखान्यावर आल्या, तेव्हा अर्जदार रोजच्याप्रमाणे बंद दाराशी बसला होता. त्याने त्यांना बसवून ठेवले, पाणी दिले, दुसऱ्या कारखान्यातून स्वतःच्या पैशाने लाद्या आणल्या व आपल्याकडच्या बारदानात गुंडाळून दिल्या. लाद्या विकतच्या आहेत हे सांगितले नाही. मरहूम हाजीसाहेबांच्या दारात बर्फ विकत आणावा लागला, याची त्याला त्या दिवशी फार लाज वाटली.

६. दि. ६ मे रोजी लंकाबाई रिवाजाप्रमाणे बारदान परत द्यायला आल्या. अर्जदार तेव्हा आपल्याच कक्षाच्या बाकावर ताटकळत होता. दाराशी कोणी नाही म्हणून त्यांनी ते कुलपाला अडकवले. त्या वळून निघाल्या, नेमके तेव्हाच आपले निरीक्षक तपासणीला आले. "मालक व अनोळखी स्त्री यांनी संगनमताने शासकीय मोहोर झाकली" असा पंचनामा झाला, बारदान जप्त झाले आणि फौजदारी कारवाईची नोटीस निघाली. अर्जदाराने हे वाक्य अनेकदा वाचले. मालकावर एवढा थेट आरोप आजवर कोणी केला नसावा.

७. लंकाबाई आपण होऊन कक्षात आल्या व त्यांनी दिलेला जबाब आपल्या दप्तरी आहे: "सासूच्या येळंला बी मी इथूनच लादी नेली व्हती. कोणी नाव नाय इचारलं. आता कुलूप व्हतं, खाली लय धूळ, म्हून वर अडकवलं. धुतलेलं बारदान मातीत कसं टाकू, साहेब?" त्यावर त्यांच्याकडे लादीची पावती मागण्यात आली.

८. तेव्हापासून तीन घरची माणसे दाराशी येऊन गेली. अर्जदाराची विकत आणून देण्याची ऐपत दुसऱ्या घरापर्यंत टिकली. तिसरे लोक हात हलवत परत गेले. त्यांच्या घरी म्हातारी वारली होती, आणि तिची मुलगी पोहोचायच्या आत मयत उचलावी लागली. त्या रात्री अर्जदाराची हिंमत संपली.

९. सबब सोबत फॉर्म जोडला आहे. मालकाच्या रकान्यात "रौफ इस्माईल बागवान" असे लिहिले आहे, सही केली आहे, छायाचित्रेही आहेत. हे खोटे आहे, हे आपणास माहीत आहे व अर्जदारासही. अर्जदाराच्या मेव्हण्याने कालच द्वारकेच्या जागेचा भाव काढून आणला आणि "आता काय, तुमचंच आहे" असे म्हणाला. असे म्हणणारे पुढेही निघतील. तरी सील त्वरित काढावे, नोटीस रद्द करावी व लंकाबाईंचे बारदान परत द्यावे.

१०. आणखी एक किरकोळ विनंती. या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आपल्या कक्षाचा गोल शिक्का, आवक क्रमांक व तारीख मिळावी. अर्जदाराने हे नाव कोणाच्या सांगण्यावरून लिहिले, हे त्याला पुढे एका ठिकाणी दाखवावे लागेल. त्या सुनावणीला मालक हजर असणार आहेत.

आपला नम्र, आणि आजपासून कागदोपत्री मालक,

(सही)
रौफ इस्माईल बागवान
द्वारका, नाशिक
दि. २४ मे २००४

सोबत: १) भरलेला फॉर्म. २) छायाचित्रे, दोन, अर्जदाराची. ३) या अर्जाची दुसरी प्रत, पोच देण्यासाठी.