सुवर्णाकडचं जेवण

६ जून २००४, रविवार

घेतला! शेवटी ट्रेलर घेतलाच ह्यांनी. मला न विचारता. ऑफिसातल्या कुणा रिटायर झालेल्या माणसाचा, बावीस फुटी. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास — सगळं. तो ह्यांच्या पिकअपमागे जोडून ड्राइव्हवेत उभा आहे आणि माझी गाडी रस्त्यावर.

कारण रुचा. डॉक्टरांनी तिला प्रवासाची सक्त मनाई केली. बाळ होईपर्यंत पूर्ण विश्रांती. म्हणजे इथे शुगर लँडला येणं रद्द. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून मी फेब्रुवारीपासून तयारी करतेय. खोली रंगवून झाली, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून झाली. तिचा फोन आल्यावर मी रडत बसले, तर हे म्हणाले, "ती येऊ शकत नाही ना? मग आपण माहेर तिकडे नेऊ." मला वाटलं, धीर देतायत. हा माणूस खरंच बोलत होता!

रुचाचं श्रूजबरी इथून साडेअठराशे मैल, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. विमानाने चार तास.

९ जून

रुचाचा फोन. "आई, बाबा सीरियस आहेत? प्लीज, जस्ट फ्लाय कर ना." म्हटलं, तुझ्या बाबांनाच सांग. तिने सांगितलं असावं, कारण बाबा वीस मिनिटं फोनवर नुसते हसत होते. फोन ठेवल्यावर पुन्हा ट्रेलरखाली.

तिला बारा ऑगस्ट तारीख दिली आहे. आम्ही दहा जुलैला निघायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं.

१३ जून, रविवार

डायनिंग टेबल गेलं. त्यावर नकाशे. आम्ही ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवतो.

एका रस्त्याचे चार झालेत, चार रंगांत. हिरवा बाल्टिमोरवरून — तिथल्या बोगद्यांतून गॅसचं सिलिंडर न्यायला बंदी, बाद. लाल न्यूयॉर्कच्या अंगाने — तिथल्या पार्कवेवर पूल बुटके, ट्रेलरला बंदी, बाद. इंटरनेटवरून छापून काढलेले कागद तर नेमके त्याच पार्कवेवर पाठवतात. त्यांना ट्रेलर दिसतच नाही. निळ्यावर डोंगर फार. "चढाचं काही नाही गं, उतार वाईट. मागून ढकलतो." उरला काळा. आता काळ्यावर पेट्रोल पंप कुठे, त्यातला ट्रेलर वळवता येईल असा कुठला, पुलांची उंची किती, ह्याच्या याद्या चालू आहेत.

पोळ्या लाटता लाटता विचारलं, चंद्रावर जाणाऱ्यांनी तरी एवढं केलं होतं का?

"त्यांच्या मागे ट्रेलर नव्हता."

१९ जून

रिव्हर्सची प्रॅक्टिस. मी मागे उभं राहून हात करायचे, ह्यांनी आरशात बघून वळवायचं. मी "डावीकडे" ओरडले. हे म्हणाले, "कुणाच्या डावीकडे?" एकतीस वर्षांचा संसार झाला, हा प्रश्न कधी पडला नव्हता! मी दोन्ही हात वर करून "थांबा" म्हणत होते, ह्यांना वाटलं "या". आमची टपालपेटी गेली. शेजारचा म्हातारा लॉनवर खुर्ची टाकून बघत बसला होता.

२२ जून

कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र. ट्रेलर महिन्याच्या आत घरासमोरून हलवा. हे म्हणाले, "बघ, सगळं जग आपल्याला निघा म्हणतंय." मला हसू आलं नाही.

२७ जून, रविवार

आज ह्यांनी माझे डिंकाचे लाडू वजनकाट्यावर ठेवले. बाथरूममधल्या! साडेनऊ पौंड. ट्रेलरमध्ये वजन मागे जास्त झालं की तो शेपटीसारखा हलतो म्हणे, म्हणून लाडू, अळीव, बाळंतशेपा, तूप, कुकर सगळं पुढच्या कपाटात. दुपटी मागे चालतील. मी म्हटलं, मी कुठे बसू तेही सांगा. काट्याकडे बघितलं त्या माणसाने. बोलला काही नाही, पण बघितलं!

३ जुलै

कुणाला न सांगता विमानाचं तिकीट काढलं. दहा तारखेचं. माझं एकटीचं.

५ जुलै

कॅन्सल केलं.

हे रात्रीचे जेवता जेवता म्हणाले, "तू नकाशा वाचलास तर मला रस्त्यावरून नजर काढावी लागणार नाही." इतकंच. ह्यांना एकट्याला साडेअठराशे मैल सोडायचं? मागे हात करायलासुद्धा कुणी नाही? जीव तिकडे तुटतो, पाय इकडे अडकतो. स्वतःचाच राग आला.

८ जुलै

दहाला निघणं रद्द! ट्रेलरच्या ब्रेकची वायर नीट नाही म्हणे. गॅरेजवाला सोमवारशिवाय बघणार नाही, म्हणजे निघणं आता एकोणीसला. मी आज बोललेच नाही ह्यांच्याशी. रुचाचे पाय सुजलेत. परीक्षित — जावई — दिवसभर ऑफिसात, ती घरी एकटी पडून. आणि मी इथे वायरीची वाट बघतेय.

११ जुलै, रविवार

सुवर्णाचा फोन आला, न्यू जर्सीहून. शाळेपासूनची माझी मैत्रीण. अकरा वर्षं भेट नाही. कुणाकडून तरी तिला कळलंच. "इतक्या जवळून जाणार आणि माझ्याकडे जेवल्याशिवाय? शोभना, जन्मात तोंड बघणार नाही तुझं!" मी हो म्हटलं.

हे नको म्हणत होते. आवाज न चढवता, पण नको. "काळा रस्ता सोडायला नको गं. चोवीसच्या शनिवारी पेनसिल्व्हेनियातून पहाटे सहाला निघालो की दुपारी अडीचला रुचाकडे. सुवर्णाकडे येताना जाऊ."

मी भडकले. पाच आठवडे तुमचा रस्ता, तुमचे पूल, तुमचे पंप! एक जेवण माझं नाही का? बारा तारखेला अजून महिना आहे. आणि खरं लिहायचं तर सुवर्णाच्या मानापमानाचं निमित्त होतं, मलाच जायचं होतं. कुणाशी तरी पोटभर बोलायचं होतं.

ह्यांनी खोडरबर आणलं. मीच शेजारी उभी राहून ह्यांना नकाशावर लिहायला लावलं — शनि. २४, सुवर्णा, जेवण. पेन्सिलने.

१८ जुलै

उद्या निघतोय. नक्की. असं तीन वेळा म्हणून झालंय.

१९ जुलै, सोमवार

निघालो! ताशी पंचावन्न मैल. सगळं जग आम्हाला ओलांडून जातं. शाळेची बससुद्धा.

२१ जुलै

अलाबामा संपता संपत नाही. ट्रक बाजूने गेला की ट्रेलर आधी तिकडे ओढला जातो, मग इकडे. हे स्टिअरिंगला चिकटलेले. मी नकाशा वाचते, हे "हं" म्हणतात. काल एकच एक्झिट चुकली आणि वळायला जागा मिळेपर्यंत चौदा मैल गेले. मी चुकवली. हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

२३ जुलै

पेनसिल्व्हेनिया. ट्रेलरमधल्या शेगडीवर खिचडी केली. चांगली झाली. ह्यांना सांगितलं नाही.

रुचाशी बोलले. "आई, मला जरा विअर्ड वाटतंय आज. नथिंग मेजर. कधी येताय तुम्ही?" म्हटलं, उद्या रात्री. हे नकाशावरून मान वर करून माझ्याकडे बघत होते. "सरळ जाऊया का गं उद्या?" मी म्हटलं, सुवर्णाने चार लोकांना बोलावलंय, पुरणाचा घाट घातलाय. आता नाही म्हणणं बरं दिसतं का?

२५ जुलै, रविवार

मुलगी झाली. काल दुपारी तीन पन्नासला. रुचा ठीक, बाळ ठीक. हे आधी लिहिते.

आता बाकीचं. सुवर्णाचं घर गल्लीच्या बंद टोकाला. चार लोकांचे सतरा झाले होते, सगळ्यांच्या गाड्या दोन्ही बाजूंना. ट्रेलर आत शिरला, पण वळायला जागा नाही. हे म्हणाले, "आधी वळवून ठेवतो." सुवर्णा म्हणाली, "अहो भावजी, अन्न गार होतंय, मग बघू!" आणि मीही म्हटलं, मग बघू. फोन पिकअपमध्ये चार्जिंगला लावलेला, तसाच राहिला. आग्रह, पुरणपोळ्या, शाळेच्या आठवणी. मी किती हसले काल! सव्वाचारला हे पाण्याची बाटली आणायला गेले आणि फोन हातात धरून दारात उभे राहिले. नऊ मिस्ड कॉल. पहिला बारा वाजताचा.

परीक्षितला फोन लावला. बाळाचे ठोके कमी होत होते म्हणून घाईने सिझेरियन केलं. "आत नेईपर्यंत सारखी विचारत होती, आई कुठपर्यंत आली?"

आई दुसरी पुरणपोळी तुपात बुडवून खात होती.

मग सगळे धावले. ज्याची गाडी आडवी तो फिरायला गेलेला. सतरा माणसं मागे उभी राहून सतरा दिशांना हात करत होती. निघायला सहा वाजले. सुवर्णा रडत होती. तिचा काय दोष? वाटेत मी नकाशा मांडीवर उघडून बसले. हे म्हणाले असते, "मी सांगत होतो," तर मी तिथेच उतरले असते. म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुढची एक्झिट बघ."

पहाटे सहाला निघून सरळ आलो असतो तर अडीचला पोहोचलो असतो. मी पन्नास वेळा हिशेब करून बघितला, दर वेळी अडीचच येतात.

२८ जुलै

रुचा घरी आली. रुचाच्या घरात दार उघडलं की समोर जिनाच, वर जा नाहीतर खाली. टाक्यांवर जिना चढवेना. पहिल्याच पायरीवर कठडा धरून उभी राहिली. मग ड्राइव्हवेकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, मी तिथे झोपू का?"

ट्रेलरला दोनच पायऱ्या. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोघींच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि आत घेतलं. गॅरेजमधून वायर ओढून हे वीज देतायत. आत लाडवांचा वास भरलाय.

एवढं सगळं होऊनही मी ह्यांच्यावरच खेकसते. चहा गार का, वायर पायात का, दार का आपटलं. चूक माझी आणि आरडाओरडा ह्यांच्यावर. कळतं, तरी थांबत नाही. रुचाला अजून काही सांगितलेलं नाही. ती विचारत नाही, म्हणून जास्तच भीती वाटते.

१ ऑगस्ट, रविवार

बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. रुचा म्हणाली, "आई, बाबांना इतकं टोचून बोलू नकोस ना. त्यांनी मला सगळं सांगितलंय. सुवर्णामावशीकडे थांबायचा हट्ट त्यांचा होता, तू नको म्हणत होतीस. झालं ते झालं. आय ॲम नॉट मॅड."

मी म्हटलं, नाही गं. हट्ट माझा होता. हे नको म्हणत होते.

खिडकी उघडी होती. बाहेर हे चाकापाशी काहीतरी आवळत बसले होते, तिथूनच ओरडले, "काहीतरी सांगू नकोस तिला! माझाच हट्ट. नकाशात बघ रुचा, पेन्सिलने लिहिलंय, माझं अक्षर आहे!"

अक्षर ह्यांचंच आहे.